पेठेतील वाडा आणि नवी इमारत : करारापूर्वी नकाशा वाचताना

मुठा नदीच्या उजव्या काठावरील जुने पुणे पेठांमध्ये विभागलेले आहे. कसबा ही त्यांतील सर्वांत जुनी पेठ. शनिवार, बुधवार, शुक्रवार, सदाशिव, नारायण या पेठांची भरभराट पेशवाईत झाली. या वस्तीला विद्यार्थी नवखे नाहीत. १८२१ मध्ये इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली ती दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात, आणि पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेजची परंपरा सुरू झाली. १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले, १९१६ मध्ये आजचे स. प. महाविद्यालय, तर १९४९ मध्ये विद्यापीठ. महाविद्यालये नदीपलीकडे गेली तरी विद्यार्थी राहत राहिला तो पेठेतच. एखाद्या वाड्याच्या माडीवर दोघांत मिळून एक खोली, चौकातील नळाचे पाणी आणि आठवड्याचे वार लावून जेवण, एवढ्यावर कोकणातून व देशावरून आलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या पदवीधर झाल्या. आज वारांची जागा खाणावळीने घेतली आहे आणि पदवीपेक्षा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारेच अधिक दिसतात. परंतु अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने आणि सदाशिव व नारायण पेठांतील अभ्यासिका पाहिल्या, की वस्तीचा स्वभाव बदललेला नाही हे ध्यानात येते.

बदलते आहे ते घर. वाडे पडून त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहण्याचे काम गेली कित्येक दशके चालू असून अद्याप संपलेले नाही. या पुनर्विकासात वाड्याचा मालक, त्याचे भाडेकरू आणि विकसक यांच्यात जी बोलणी होतात, ती बहुधा एकाच आकड्याभोवती फिरतात : कोणाला किती चौरस फूट? हा आकडा महत्त्वाचा आहेच. मात्र त्या चौरस फुटांत उजेड येणार की नाही, वृद्ध भाडेकरूला रस्त्यापर्यंत पोहोचता येणार की नाही, हे आकडा सांगत नाही. ते नकाशा सांगतो, आणि बहुतेकांच्या दृष्टीस तो सह्या झाल्यानंतरच पडतो.

वाडे मोडकळीस का आले, हे प्रथम पाहणे उचित ठरेल. मूळ वाडा एका कुटुंबासाठी बांधलेला असे. खाली दगडाचे जोते, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, विटा-मातीच्या भिंती आणि मध्यभागी एक वा अधिक चौक. कुटुंब विभागले, उत्पन्न आटले, तसतशा ओसऱ्या आणि माड्या भाड्याने दिल्या गेल्या. लाकडी पडद्या घालून एका दालनाची तीन बिऱ्हाडे झाली. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. महागाईच्या काळात भाडेकरूला आधार मिळाला हे खरे. परंतु भाड्याच्या रकमेतून कौले शाकारण्याचा खर्चही निघेना, तेव्हा मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ भाडेच दहा-वीस रुपये असेल तर त्यावर ४ टक्के म्हणजे काय, हे सांगावयास नको. त्याआधी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती एका दिवसात विरघळविल्या होत्या. अनेक कुटुंबे तेव्हाच पेठ सोडून नव्या वसाहतींत गेली.

शनिवारवाड्याच्या भोवतालचा प्रश्न निराळा आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित, अशी तरतूद केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने दृढ झाली. तेथील वाडेधारकांना परवानगीने दुरुस्ती करता येते, पुनर्विकास मात्र अडून राहतो. अशा जागेत गुंतवणूक करू इच्छिणाऱ्याने अंतराची खातरजमा प्रथम करावी, भावाची चर्चा नंतर.

आता हिशेबाकडे वळू. मराठीत येथे शब्दांचाच एक घोटाळा आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, अर्थात एफएसआय. आणि घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र तेही चटई क्षेत्र, अर्थात कार्पेट. दोन्हींत चटई असल्याने अनेक भाडेकरू बांधकाम क्षेत्राचा आकडा कार्पेटचा समजून मान डोलावतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेटची व्याख्या निश्चित केली आहे : बाहेरच्या भिंती, सेवा वाहिन्यांच्या पोकळ्या, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून उरणारे निव्वळ क्षेत्र, ज्यात आतील विभाजक भिंती धरल्या जातात. करारात हाच शब्द आणि हीच व्याख्या असावी.

उदाहरणादाखल एक काल्पनिक भूखंड घेऊ. रस्त्यावर रुंदी १० मीटर, खोली ३० मीटर, म्हणजे ३०० चौरस मीटर. पेठेतील भूखंड असेच चिंचोळे आणि खोल असतात. निर्देशांक २ धरला तर ६०० चौरस मीटर बांधता येतील. सहा भाडेकरूंना प्रत्येकी २५ प्रमाणे १५० आणि मालकाला १५० दिले, तर विक्रीसाठी ३०० उरतात. या ३०० मधूनच सर्वांच्या बांधकामाचा खर्च, भाडेकरूंच्या तात्पुरत्या निवाऱ्याचे भाडे, कर्जावरील व्याज आणि विकसकाचा नफा निघावयाचा असतो. म्हणून भाडेकरूंनी एक-एक चौरस मीटर अधिक मागितला, की विकसक तो अन्यत्र कोठेतरी वाचवितो. वाचविण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे जिन्याची रुंदी, पोकळीचे माप आणि खिडकीसमोरचे मोकळे अंतर. यांपैकी एकही गोष्ट चौरस फुटांच्या आकड्यात दिसत नाही.

अशा चिंचोळ्या भूखंडात दोन्ही बाजूंस एकेक मीटर मोकळा सोडला, तर इमारत ८ मीटर रुंद होते. पुढच्या खोल्यांना रस्त्याचा उजेड मिळतो, मागच्यांना परसाचा. मधल्या खोल्यांचे काय? वाडा बांधणाऱ्यांनी हा प्रश्न चौकाने सोडविला होता. चौक ही केवळ शोभेची वा तुळशीवृंदावनाची जागा नव्हे. ती खोल भूखंडाच्या पोटात उजेड आणि हवा उतरविण्याची युक्ती होती. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई आणि दिंडी दरवाजाकडून गार झुळूक आत येई. नव्या इमारतींत चौकाची जागा डक्टने घेतली आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १८ मीटर उंचीपर्यंतच्या इमारतीत न्हाणीघर व शौचालय यांच्यासाठी ४ चौरस मीटरची, किमान दीड मीटर रुंदीची पोकळी चालते. ती सवलत न्हाणीघरापुरती आहे. झोपण्याच्या खोलीची एकमेव खिडकी अशा पोकळीत उघडत असेल, तर त्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागेल आणि खालच्या मजल्यावरील फोडणी वरच्या सर्वांस कळेल.

चौक परत आणणे शक्य आहे का? संहितेचा नियम असा की आतल्या चौकाची रुंदी ३ मीटरपेक्षा कमी नसावी, आणि त्याचे क्षेत्र लगतच्या सर्वांत उंच भिंतीच्या उंचीच्या पाचव्या भागाच्या वर्गाइतके तरी असावे. आपल्या उदाहरणात खाली वाहनतळ आणि वर चार मजले धरले तर उंची सुमारे १५ मीटर होते. तिचा पाचवा भाग ३, आणि ३ चा वर्ग ९. म्हणजे ९ चौरस मीटर, भूखंडाच्या अवघे ३ टक्के. शिवाय वर आकाशाला उघडा असलेला चौक एफएसआयमध्ये मोजला जात नाही. त्यामुळे बांधकामाचा हक्क कमी होत नाही, केवळ त्याची मांडणी बदलते. अडचण येते ती खांबांच्या आणि मोटारी वळविण्याच्या आखणीत. ती अडचण खरी आहे, पण नकाशा कागदावर असेपर्यंत सुटण्याजोगी आहे.

याहून चांगली योजना दोन शेजारी वाड्यांनी मिळून करावयाची आहे. प्रत्येकाने चौक मध्यावर न ठेवता सामाईक हद्दीकडे सरकविला आणि दोघांचे चौक समोरासमोर आले, तर ३ मीटरचे दोन चौक आणि मधली एकेक मीटरची मोकळी पट्टी मिळून ८ मीटर रुंदीचे अंगण तयार होते. कोणाचाही इंच कमी न होता दोन्हीकडच्या मधल्या खोल्या उजळतात. मात्र पेठेत हद्दीच्या भिंतीवरून पिढ्यानपिढ्या दावे चालत आले आहेत. तेथे वास्तुरचनाकारापेक्षा शेजारधर्माची परीक्षा अधिक!

तळमजल्याविषयी विचार त्याहूनही कमी होतो. वाड्याच्या तळमजल्यावर राहणारी सत्तर-पंचाहत्तर वर्षांची भाडेकरू स्त्री उंबरा ओलांडताच रस्त्यावर येते. भाजी, देऊळ, वैद्य सारे हाकेच्या अंतरावर असते. नव्या इमारतीत तळमजला वाहनांना जातो आणि तिच्या वाट्याला चौथा मजला येतो. मग तिचे स्वातंत्र्य लिफ्टवर आणि लिफ्टच्या पर्यायी वीजपुरवठ्यावर अवलंबून राहते. शिवाय जी नाममात्र भाडे भरीत होती, तिला आता लिफ्ट, पंप, सफाई व पहारा यांचा देखभाल खर्च आणि मिळकत कर दरमहा सोसावा लागतो. घर मिळाले, परंतु ते चालविणे झेपेना म्हणून विकावे लागले, असे होऊ नये यासाठी सामाईक खर्चाचा अंदाज कराराआधीच मागावा. विकसकाने काही वर्षांच्या देखभालीसाठी ठरावीक रक्कम ठेव म्हणून द्यावी, अशी अटही घालता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठ आणि मंडई येथील भुयारी मेट्रो स्थानके सुरू झाली आहेत. तेव्हा तळमजल्याचा पुढचा भाग एखाद्या दुकानासाठी आणि एका लहान घरासाठी राखून वाहनांना मागील जागा द्यावी, हा विचार आता अव्यवहार्य राहिलेला नाही. वाहनतळाच्या नियमांची पूर्तता मात्र करावीच लागेल.

विद्यार्थ्याची खोली तर नकाशातून पूर्णपणे नाहीशी होते. वाड्यात ती आपोआप होती, कारण वाडाच खोल्या-खोल्यांनी भाड्याने जात असे. नव्या इमारतीत दोन शयनगृहांची सदनिका हे चलनी नाणे ठरले आहे. परिणामी परगावचा विद्यार्थी त्याच सदनिकेत कॉट बेसिसवर, सहा-आठ जणांत राहतो. एका कुटुंबासाठी योजलेल्या न्हाणीघरावर व पाण्याच्या टाकीवर आठ जणांचा भार पडतो, आणि मग शेजाऱ्यांशी खटके उडतात. वस्तुतः मालकाने आपल्या वाट्याच्या १५० चौरस मीटरमधून जिन्यालगत स्वतंत्र दाराची, न्हाणीघरासह १५ चौरस मीटरची एक-दोन घरे मागून घेतली, तर उतारवयात नियमित उत्पन्नाची सोय होते. संहितेत एकखोली घराच्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर सांगितले आहेत, त्यामुळे हे माप पुरेसे आहे. विद्यार्थी जागा सोडणार नाही ही जुनी धास्ती आता बाळगण्याचे कारण नाही. १९९९ च्या कायद्यानुसार परवाना करार लेखी व नोंदणीकृत करणे बंधनकारक असून, मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्यासाठी त्यात जलद पद्धतही आहे.

राहिला कराराचा आणि बँकेचा भाग. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी राज्य शासनाने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१९ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत सर्वसाधारण सभेची पद्धत, तसेच विकसकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घेण्याची अपेक्षा आहे. वाड्याच्या भाडेकरूंची संस्था नसते. प्रत्येक जण एकटा बोलणी करतो आणि एकटाच सही करतो. त्यात भर अशी की, स्थावर संपदा कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील प्रकल्पाला नोंदणीतून सूट मिळू शकते. आपला ३०० चौरस मीटरचा भूखंड नेमका त्याच सवलतीत बसतो. म्हणजे जेथे संरक्षणाची गरज अधिक, तेथे कराराचा कागद हाच भाडेकरूचा मुख्य आधार उरतो.

म्हणून तो कागद नोंदणीकृत असावा आणि प्रस्तावित नकाशा त्याला परिशिष्ट म्हणून जोडलेला असावा. त्यावर प्रत्येकाची सदनिका, मजला, खिडक्यांची दिशा आणि चौकाचे माप रंगाने दाखविलेले असावे, व संबंधितांच्या संमतीवाचून त्यात बदल करता येणार नाही, असे कलम असावे. वाडा रिकामा करण्यापूर्वी ताब्यातील जागेची मोजणी करून मालक व विकसक यांच्या सहीचा दाखला घ्यावा. भिंती पडल्यानंतर कोणाची खोली किती होती हे सिद्ध करणे दुष्कर असते. विकसक प्रकल्पासाठी कर्ज काढतो तेव्हा भूखंडाचे हक्क गहाण पडतात. त्या गहाणातून पुनर्वसनाच्या सदनिका वगळल्या आहेत, हे कर्ज देणाऱ्या बँकेच्या पत्रावरून पाहून घ्यावे. ज्या भाडेकरूला आजवर जागा तारण ठेवता येत नव्हती, तो नोंदणीकृत मालकी मिळताच कर्जास पात्र ठरू शकतो, आणि वाढीव क्षेत्राची किंमत भरण्यासाठी गृहकर्जाचा मार्ग त्याला मोकळा होतो. त्या वेळी बँकेचा अधिकारी मालकीची कागदपत्रे, विकास करारनामा आणि मंजूर नकाशा मागेल. मंजूर नकाशा आणि कराराला जोडलेला नकाशा शेजारी ठेवून चौकाचे माप ताडून पाहण्याचे काम मात्र ग्राहकाने त्यापूर्वीच, महापालिकेत नकाशा दाखल होण्याच्या आधी, उरकलेले असावे.