गोधडीतले काजवे

बेटा,

दिवाळीत तू माहेरी आलीस तेव्हाची गोष्ट. रात्री दीडला पाणी प्यायला उठले, तर पुढच्या खोलीत गोधडीतून निळा उजेड. एक नाही, दोन. एक तुझा, एक जावईबापूंचा, आणि मधे तुझी लेक चिमी आडवीतिडवी पसरलेली. मला वाटलं, सातपुड्यातले काजवे वाट चुकून चोपड्यात उतरले की काय. बोलले काही नाही. माहेरी आलेल्या लेकीला रात्री दीडला कोण बोलतं? पण सकाळी साडेनवाला डोळे चोळत तू म्हणालीस, "आत्या, इथं येऊनही झोप पुरी होत नाही गं." तेव्हाच ठरवलं, हिला लिहून पाठवायचं. फोनवर पाठवलं असतं तर तू ते रात्री दीडलाच वाचलं असतंस, म्हणून कागदावर.

रागावून लिहीत नाही. यातली एकेक चूक मी आधी स्वतः करून बघितली आहे.

१. आधी फोनची झोपायची जागा ठरव. आमच्याकडे तो देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात झोपतो — हाताशी असला की हात उचलतोच. उठून दहा पावलं जायचं म्हटलं की निम्मी हौस अंथरुणातच मरते. उशाशी फोन, मग झोपायचं कोण?

२. गजराची सबब सांगू नकोस, चावीचं घड्याळ घे — किती वाजले बघायला फोन उचलला की जगातलं सगळं कळतं, किती वाजले तेवढं सोडून.

३. जेवणं झाली की पांढऱ्या ट्यूब मालव आणि कोपऱ्यात एखादा पिवळा, खालच्या अंगाचा दिवा लाव — डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशाही असतात की त्यांना चेहरे नि अक्षरं ओळखण्याशी फारसं देणंघेणं नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढी वर्दी त्या मेंदूला देतात. २००२ साली शास्त्रज्ञांनी त्यांचा छडा लावला. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त भुलतात. 'अजून दिवस आहे' अशी वर्दी गेली की मेंदूतली तांदळाच्या दाण्याएवढी ग्रंथी मेलाटोनिन सोडायला आखडता हात घेते, आणि रात्र झाल्याचं शरीराला कळतच नाही.

४. वाचायचं असेल तर कागदावरचं वाच — अमेरिकेत बॉस्टनला बारा जणांना पाच रात्री आयपॅडवर आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचायला लावलं, झोपण्याआधी चार-चार तास. आयपॅडवाल्या रात्री झोप लागायला साधारण दहा मिनिटं जास्त लागली, मेलाटोनिन निम्म्याहून खाली गेलं आणि शरीराचं घड्याळ दीड तास मागे पडलं. २०१५ साली हे छापून आलं. आता तू म्हणशील, चार तास कोण बघतं? जेवताना, भांडी घासताना नि गोधडीतलं असं सगळं मिळून मोज एकदा. मी मोजलं होतं आणि कुणाला सांगितलं नाही.

५. फोनचा पडदा पिवळा केला की झालं, असं समजू नकोस — तिकडेच युटा राज्यात १६७ तरुण पोरांवर ते बघितलं. पिवळा पडदा, साधा पडदा आणि फोनच नाही, असे तीन गट केले. पिवळ्या पडद्याने झोप सुधारली असं काही दिसलं नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी तर निळा उजेड अडवणारा चष्माही आणला. आता त्या चष्मा लावून दोन वाजेपर्यंत बघतात.

६. म्हणजे खोट नुसती उजेडात नाही, 'पुढचं' या शब्दात आहे. हे जरा नीट सांगते, कारण मला कळायला साठी उलटावी लागली. तापीपलीकडे अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० मास्तर होते, हे तुझ्याकडून शाळेत घोकून घेतलेलं आहे. त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. त्या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम गोष्ट सांगायला बसतो, गोष्ट संपते, मंडळी उठतात. उरलेलं उद्या. त्या आश्रमात कुणी "अजून एक, अजून एक" म्हणत अंगठा वर सरकवत बसलं नाही. तुझ्या फोनवरच्या त्या सरकत्या व्हिडिओंच्या पट्ट्यांना उद्याच नाही बघ. पान संपतं, पट्टी संपत नाही. म्हणून झोपताना असं काही वाच की ज्याला थांबायची जागा आहे — डोळे मिटायला माणसाला निमित्त लागतं, आणि संपलेली गोष्ट हे फार चांगलं निमित्त आहे.

७. पण पुस्तक म्हणजे सगळं सोवळं असंही नाही. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा मी लग्नाआधी एकदा रात्री उघडली आणि कोंबडा आरवला तेव्हा मिटली. दुसऱ्या दिवशी डाळीत मीठ दोनदा पडलं — जी गोष्ट 'खुनी कोण' विचारते ती दुपारी वाचावी, जी 'आजी काय म्हणाली' सांगते ती रात्री.

८. अंथरुणात वाचायचं तर दिवा पाठीमागून, खांद्यावरून पानावर पडेल असा ठेव — उजेड पानाला हवा, डोळ्याला नाही. यात माझा अधिकार मोठा आहे. सातवीत असताना रॉकेलची चिमणी पांघरुणाशी ओढून 'चांदोबा' वाचत होते. वेताळ विक्रमाच्या खांद्यावर चढतच होता, तेवढ्यात चर्रर्र झालं. डावी वेणी कानापर्यंत जळाली. आईने आधी पाणी ओतलं, मग धपाटा घातला, आणि घरभर जळक्या केसांचा वास दोन दिवस होता. शाळेत पोरं महिनाभर 'वेताळ' म्हणायची.

९. चिमीच्या हातात संध्याकाळी फोन देऊन घास भरवतेस ना, ते आधी थांबव — लहान डोळ्याची बाहुली मोठी, भिंग स्वच्छ, उजेड आत सरळ घुसतो. तीन ते पाच वर्षांच्या दहा पोरांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळवून बघितलं, तर मेलाटोनिन जवळजवळ नव्वद टक्क्यांनी पडलं आणि दिवा मालवल्यावर पाऊण तास उलटला तरी पुरतं सावरलं नाही. तो उजेड फोनपेक्षा जास्त होता, हे खरं. पण फोन नाकाशी धरायची पद्धतही तुझ्याच लेकीची आहे.

१०. तिच्या वयाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते, तेव्हा 'ती झोपतच नाही' असं म्हणण्याआधी घरातले दिवे कोण मालवत नाही ते बघ — पोर घराकडे बघून झोपतं, घड्याळाकडे बघून नाही.

११. तिला गोष्ट सांग, आणि तीच ती सांग. रोज नवी कशाला? — पुढं काय होणार हे ठाऊक असलं की पोर निवांत होतं. तुला मी 'चिमणीचं घर मेणाचं' दोन वर्षं रोज सांगितली. कावळ्याला दारात ताटकळत ठेवलं की तू झोपायचीस. चिमणीने दार उघडलं की नाही हे तुला शाळेत गेल्यावर कळलं.

१२. आता तुझ्या आप्पांचं ऐक. थ्री फेज लाईट पाळीने रात्रीची येते, केळीला पाणी तर द्यावंच लागतं. पूर्वी आप्पा बॅटरी घेऊन शेतात जायचे. मग मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला. लाईट आली की फोन वाजतो, इथूनच मोटार चालू. सोय केवढी झाली! पण मोटार चालू करायला दोन मिनिटं, आणि फोन हातात आलाच आहे म्हणून केळीचे भाव, मग रावेरचे भाव, मग कुणा अनोळखी माणसाची बैलजोडी, असे चार वाजायचे. दिवसा बांधावर बसून पेंगायचे आणि दोष लाईटवाल्यांना. शेवटी मी जुना बटणांचा फोन काढला आणि मोटारीचं कार्ड त्यात टाकून दिलं — त्याच्यात बघण्यासारखं काहीच नाही. वाजतो, मोटार चालू होते, आप्पा कूस बदलतात. जावईबापूंनाही रात्री ऑफिसचा फोन येतो म्हणतेस, त्यांनाही हाच तोडगा सांग. जावयाला मी कसं सांगू?

१३. मात्र शेतात जायचंच झालं तर मोठी बॅटरी ने आणि भरपूर उजेड पाड — सापाला तुझ्या मेलाटोनिनशी कर्तव्य नाही.

१४. रात्री उठावं लागलं तर ट्यूब लावू नकोस, पायाशी एक लाल किंवा पिवळा झिरोचा बल्ब पुरे — झोपेला एकदा दिवस दाखवला की ती पदर खोचून कामाला लागते.

१५. नऊनंतरचा चहा बंद. जावईबापूंचाही — चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. नऊचा कप दोन वाजता अजून अर्धा भरलेलाच असतो.

१६. सकाळी उठल्या उठल्या गॅलरीत जा, पंधरा-वीस मिनिटं, चहा तिथंच घे — झोपेची तयारी सकाळपासून सुरू होते. घरात दिव्याखाली दोन-तीनशे लक्स उजेड, बाहेर सावलीतही हजारोंनी. तो डोळ्याला मिळाला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री वेळेवर जांभई येते. तुझ्या पुण्याच्या घरात सकाळीही पडदे ओढलेले असतात, ते मी आल्याबरोबर बघितलं होतं.

१७. दिवेलागणीला हातपाय धुवायची जुनी रीत मोडू नकोस, झोपण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्याने पाय धू — पायांत रक्त उतरतं, अंगातली ऊब बाहेर पडते, आणि अंग आतून निवलं की झोप येते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की आपण धाब्यावर पाणी मारून वर बाजा टाकायचो, त्यामागेही हेच होतं, फक्त तेव्हा कुणी कारण सांगत नव्हतं. वर दिवा नसायचा. आता समोरच्या खांबावर पांढरा लखलखीत दिवा आलाय, धाब्यावर भाजी निवडता येईल इतका. मी त्या अंगाला जुनं लुगडं बांधलंय.

१८. वीस मिनिटं झाली नि झोप येत नसली तर पडून राहू नकोस. ऊठ, मंद दिव्यात बस, वाती वळ, लसूण सोल — झोपेला हाका मारायच्या नसतात, अंथरूण घालून बाजूला व्हायचं असतं. पण फोन नाही हं. "जरा वेळ" म्हणून मीही घेतला होता. निवृत्तीनंतर नवा फोन आला, त्या पहिल्याच महिन्यात रात्री तीनपर्यंत मांड्यांच्या रेसिपी बघितल्या, जे मांडे मला माझ्या आईने शिकवलेत आणि मी पन्नास वर्षं करतेय. सकाळची जळगावची पहिली एसटी गेली. जात कुठं होते? डोळे तपासायला.

१९. दोघांपैकी एकाने मोडलं तर दुसऱ्याने भांडायचं नाही, नुसता आपला फोन कोनाड्यात ठेवून यायचं — अंथरुणातलं भांडण कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त जागवतं. हे कुठं छापून आलेलं नाही, माझ्या घरचं आहे.

२०. एकदम सगळं करायला जाऊ नकोस, पहिला आठवडा फक्त पहिलं कलम — बाकीचं मागून येतं.

डब्यात बिबडे आहेत, वरच्या पुडीत कळण्याचं पीठ. जुनी 'श्यामची आई' घातली आहे. सव्विसाव्या रात्रीचं पान फाटलंय, ते तू फाडलंस, चिमीएवढी असताना. आणि खाली चिंध्यांत गुंडाळलेलं गजराचं घड्याळ आहे. चावी रात्री दे, उलटी फिरवू नकोस. दिवसाला पाच मिनिटं पुढं जातं, तेवढं धरून चाल.

तुझी आत्या
चोपडा