दुबई की सिंगापूर? तुलनात्मक निबंध शिकवताना



वाघोलीतल्या आमच्या सहावीच्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीआधी एकच चर्चा चालू होती. एका मुलाच्या घरी परदेश सहलीचं ठरत होतं. आईला सिंगापूर हवं होतं आणि बाबांना दुबई. आजीचं म्हणणं एवढंच होतं की फार चालायला लावू नका. लोहगावचं विमानतळ आपल्या जवळच असल्याने डोक्यावरून जाणारं विमान मुलांना नवीन नाही. मला वाटलं, विषय आयताच चालून आलाय. फळ्यावर लिहून टाकलं, 'तुम्ही कुठे जाल? दुबई की सिंगापूर?'

इथे माझी चूक झाली. वह्या गोळा केल्या तर सात-आठ पानं कोरी होती. त्यात टँकर चालवणाऱ्या एका वडिलांच्या मुलीची वही होती. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, आम्ही कुठंच जाणार नाही, मग काय लिहू?" तिचं बरोबर होतं. मी तुलना विचारलीच नव्हती, घरची ऐपत विचारली होती.

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. 'या कुटुंबाला सल्ला द्या. त्यांनी कुठे जावं आणि का?' सल्ला द्यायला पासपोर्ट लागत नाही. त्या दिवशी एकही पान कोरं राहिलं नाही. हा पाठ कसा घेतला ते इथे देत आहे.

पायरी १ : अपुरं वाक्य पूर्ण करणं

बहुतेक मुलांनी पहिलं वाक्य लिहिलं, 'सिंगापूर चांगलं आहे.' त्यावर तीन प्रश्न विचारायचे. कशापेक्षा? कोणासाठी? केव्हा? मग तेच वाक्य होतं, 'मे महिन्यात फिरायचं असेल, तर लहान मुलांसाठी दुबईपेक्षा सिंगापूर सोयीचं आहे.' '-पेक्षा', 'तर', 'मात्र', 'याउलट' हे शब्द वेगळे पाठ करून घ्यावे लागत नाहीत, गरज पडली की मुलं आपोआप वापरतात.

पायरी २ : माहितीचा तक्ता

फळ्यावर दोन रकाने आखले. नकाशा, ॲटलास आणि पालकांची मदत घेऊन जमलेली माहिती अशी :

• हवामान : दुबई साधारण २५ अंश उत्तर अक्षांशावर, वाळवंटात. मे ते सप्टेंबर दुपारचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. नोव्हेंबर ते मार्च मात्र हवा छान असते. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ. वर्षभर ३१-३२ अंश, दमट हवा, पाऊस कोणत्याही महिन्यात. नोव्हेंबर ते जानेवारीत जास्तच.

• घड्याळ : दुबई आपल्या दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे.

• पाहण्यासारखं : दुबईत ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफा, जुन्या खाडीतल्या अब्रा नावाच्या होड्या. सिंगापूरला प्राणिसंग्रहालय, रात्रीची सफारी आणि १८५९ मध्ये सुरू झालेली, आता जागतिक वारसा असलेली वनस्पती उद्यानं.

• आपला इतिहास : १९६६ पर्यंत दुबईत रुपया चालत होता. शेवटची काही वर्षं रिझर्व्ह बँकेने खास काढलेल्या 'गल्फ रुपया'च्या नोटा होत्या. सिंगापूरला २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. ती जिथे झाली त्या कॅथे इमारतीचा दर्शनी भाग आजही जपलेला आहे.

• भाषा : सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांमध्ये तमिळ आहे. दुबईत अधिकृत भाषा अरबी, पण बाजारात हिंदी सर्रास कानावर पडते.

पायरी ३ : गुण द्या, पण आधी भार ठरवा

इथे गणित आलं. मुलांनी तीन निकष निवडले आणि महत्त्वानुसार भार दिला. हवामानाला ५, मुलांना पाहण्यासारखं याला ४, आजीला सोपं याला ३. मग प्रत्येक शहराला पाचपैकी गुण देऊन भाराने गुणायचं. एका गटाचं गणित पाहा :

सिंगापूर : (५×३) + (४×४) + (३×४) = ४३
दुबई, नोव्हेंबरमध्ये : (५×५) + (४×३) + (३×३) = ४६
दुबई, मे महिन्यात : (५×१) + (४×३) + (३×३) = २६

दिवाळीत दुबई जिंकली आणि उन्हाळ्यात सपाटून हरली! शहरं तीच होती, फक्त महिना बदलला होता. एक मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे आधी महिना ठरवायचा, मग शहर." मोठ्यांनाही हे लवकर सुचत नाही.

पायरी ४ : मुलांचा स्वतःचा निकष

शेवटी प्रत्येकाने एक निकष आपल्या मनाने जोडायचा होता. त्या मुलीने लिहिलं, 'पाणी कुठून येतं?' आणि भार दिला ५.

वर्ग एकदम गप्प झाला, कारण वाघोलीत सोसायटीतल्या मुलालाही टँकर माहीत आहे आणि वस्तीवरच्या मुलालाही. मग आम्ही तेही शोधलं. दुबईचं पिण्याचं पाणी मुख्यतः समुद्राचं पाणी गोडं करून मिळतं. सिंगापूर चार वाटांनी पाणी आणतं. पावसाचं साठवलेलं, मलेशियातून पाइपने येणारं (१९६२ चा करार, २०६१ पर्यंत), वापरलेलं पाणी शुद्ध करून मिळवलेलं आणि समुद्राचं गोडं केलेलं. ज्यांच्याकडे स्वतःची मोठी नदी नाही, ते काय काय करतात! त्या मुलीचा सल्ला होता, 'सिंगापूरला जा आणि येताना पाणी कसं वाचवतात ते विचारून या.' वर्गातला तो सगळ्यात चांगला निबंध होता.

पालकांसाठी

खरंच सहल ठरवत असाल, तर हा तक्ता मुलांसोबत जेवणाच्या टेबलावर मांडा. खर्चाचा रकाना त्यांच्यापासून लपवू नका. किती पैसे आहेत हे कळलं की मुलं हट्ट कमी करतात आणि विचार जास्त. आपल्या पासपोर्टवर दोन्हीकडे साधारणपणे व्हिसा लागतो आणि नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी अधिकृत संकेतस्थळ बघा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असू द्या. आणि दिवाळीत निघालात तर अनारसे घरीच ठेवा. खसखस अमली पदार्थांच्या कायद्यामुळे दोन्ही देशांत चालत नाही!

सहल ठरत नसेल तरी हरकत नाही. दोन शाळा, दोन सायकली, दोन बसमार्ग, कशाचीही तुलना याच पद्धतीने होते. फक्त प्रश्न असा विचारा, की उत्तर द्यायला कोणाच्याही खिशात पैसे असावे लागू नयेत.

गृहपाठ : गावाहून पाहुणे येणार आहेत आणि हाती एकच दिवस आहे. त्यांना शनिवारवाडा दाखवाल की सिंहगड? तीन निकष, त्यांचे भार आणि दहा ओळींचा सल्ला लिहा.

तुमच्या वर्गातल्या मुलांनी कोणता नवा निकष काढला, ते मला जरूर कळवा.