तोल मोजणारा काटा किती भरवशाचा?



बाजारात धान्याचे पोते एकदा ५० किलो भरले आणि लगेच दुसऱ्यांदा ५३ किलो भरले, तर आपण पोत्याला दोष देत नाही, काटा तपासतो. म्हाताऱ्या माणसांच्या तोलाच्या चाचणीलाही हाच नियम लावावा, असे आम्हांस वाटते.

खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली किंवा पक्षाघातातून सावरणारी वडीलधारी मंडळी घरी आली, की प्रश्न पडतो: यांना बांधावरून एकट्याने जाऊ द्यावे काय? याचे उत्तर ठरविण्यास मदत म्हणून फिजिओथेरपिस्ट तोल तपासतात. दोन चाचण्या बऱ्याच ठिकाणी वापरतात.

पहिली १९९१ सालापासूनची. खुर्चीवरून उठावे, नेहमीच्या चालीने ३ मीटर चालावे, वळावे आणि परत येऊन बसावे. १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका समजावा, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे मार्गदर्शन आहे.

दुसरी कॅनडाच्या कॅथरीन बर्ग यांनी १९८९ साली मांडली. तीत उभे राहणे, वळणे, खालची वस्तू उचलणे अशा १४ कृती असतात. प्रत्येकीस ० ते ४ गुण, एकूण ५६.

दोन शिकलेल्या तपासनिसांचे गुण या चाचणीत सहसा जुळतात. तरीही माणूस रोज सारखा नसतो. झोप, थकवा, औषध, दुखणे यांनी गुण थोडे वरखाली होतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वृद्धांसाठी याची मर्यादा काढली. आधीचे गुण ४५ ते ५६ असतील तर किमान ४ गुणांचा, ३५ ते ४४ असल्यास ५ गुणांचा आणि २५ ते ३४ असल्यास ७ गुणांचा फरक पडला, तरच खरा बदल झाला असे खात्रीने म्हणता येते. म्हणून ३० चे ३२ झाले एवढ्यावरून आजोबांची काठी काढून घेऊ नये. आणि ३२ चे ३० झाले म्हणून खचूनही जाऊ नये.

आपण काय करावे?

१. फेरतपासणीस शक्यतो त्याच वेळी जावे. पायांत तीच पादत्राणे आणि हातात तीच काठी असावी.
२. खुर्चीची उंची बदलली तर वेळ बदलतो; म्हणून खुर्ची तीच असावी.
३. प्रत्येक वेळचे गुण व तारीख वहीत लिहून ठेवावी.
४. झोपेची किंवा रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली असल्यास तपासनिसास सांगावे.
५. एका पायावर उभे राहण्यासारख्या कृती घरी एकट्याने करून पाहू नयेत.

शेवटी, काटा खरा असला तरी तो उद्याचे सांगत नाही. चांगले गुण मिळालेला माणूसही ओल्या बांधावर घसरतो. तेव्हा गुणांबरोबर मागील वर्षात किती वेळा पडणे झाले, नजर कशी आहे, वाट कशी आहे हेही डॉक्टरांपुढे मांडावे आणि मगच शेताची वाट मोकळी करावी.