वकील गैरहजर, अपील निकालात

प्रश्न : धुऱ्याच्या भांडणात माझ्या धाकट्या भावास उमरेडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी एक वर्षाची सजा दिली. नागपूरच्या सत्र न्यायालयात अपिलाच्या तारखेस आमचे वकील हजरच झाले नाहीत व अपील फेटाळले गेले. त्याच न्यायालयात फेरसुनावणीचा अर्ज करावा, की वकिलांवर तक्रार करावी? भाऊ अद्याप घरी आहे. आईस झोप नाही.

उत्तर : पकड-वॉरंट केव्हा येईल ही आपल्या घरची खरी चिंता आहे, आणि तिचा उपाय फेरसुनावणीच्या अर्जात नाही. निकालास किती दिवस झाले, हा विचारण्याजोगा प्रश्न होता. ती तारीख मात्र आपण लिहिलेली नाही.

फौजदारी निकालावर न्यायाधीशांची सही झाली, की लेखनातील वा हिशेबातील चूक वगळता त्यात फेरफार करण्याचा अधिकार त्या न्यायालयास उरत नाही (जुन्या संहितेचे कलम 362, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे 403), आणि अंगभूत अधिकार म्हणतात तो उच्च न्यायालयाचा, सत्र न्यायालयाचा नव्हे. तरीही कचेरीच्या आवारातील कोणी जाणता 'अर्ज तर टाकून पाहा' असे सुचवितो, अर्जावर तारखा पडत जातात, आणि तो अखेर नामंजूर होईपर्यंत उच्च न्यायालयातील पुनरीक्षणाची 90 दिवसांची मुदत निघून गेलेली असते. या एका अर्जापायी बुडालेली घरे मी पाहिली आहेत. विलंब माफ होऊ शकतो हे खरे, परंतु चुकीच्या दारात घालविलेल्या काळाचा जाब तेथे द्यावा लागतो.

अपील कसे फेटाळले, हे नक्कल वाचूनच कळेल. वकील नाही एवढ्याच कारणास्तव अपील काढून टाकता येत नाही, दप्तर पाहून गुणदोषांवरच निर्णय द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली बाणी सिंग प्रकरणात ठरविले. मात्र वकिलासाठी सुनावणी तहकूब करण्याचे बंधन न्यायालयावर नाही, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा आपला निकाल तीन ओळींचा असेल, तर अपील पुन्हा सुनावणीस परत पाठविले जाण्याची आशा बळकट. साक्षीपुराव्याची चर्चा त्यात झालेली असेल, तर गैरहजेरीचे गाऱ्हाणे एकटे पुरणार नाही, पुराव्यातील उणीवच दाखवावी लागेल.

वकिलांवरील तक्रार सवडीने करा. तिने सजा एक दिवसही थांबत नाही. भावास परगावी धाडण्याचा विचार असेल, तर तो मूर्खपणाचा आहे.

नकलेसाठी आजच अर्ज द्या. ती तयार होण्यास लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. नवे वकीलपत्र करून नागपूर खंडपीठात पुनरीक्षण दाखल करा व त्यासोबतच सजा स्थगित करण्याचा आणि जामिनाचा अर्ज जोडा. दरम्यान भाऊ कैदेत गेला आणि वकिलाची फी झेपेना, तर विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो.