वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून: वेगळ्या वाटेचं एक भक्कम करिअर

बारावीचा निकाल लागला की केळवे, सफाळे, पालघर, बोईसर या पट्ट्यातल्या घराघरांत एकच प्रश्न फिरतो: 'कॉम्प्युटरला अजून स्कोप आहे का?' तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या वडिलांना किंवा केळव्यात वाडी सांभाळून पर्यटकांची घरगुती सोय करणाऱ्या आईला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. फी परवडत नाही, लोकलचं अपडाऊन दमवतं आणि एआय नोकऱ्या खाणार अशा बातम्या रोज कानावर येतात. अशा घरांनी ज्याची माहिती जरूर करून घ्यावी, असं एक क्षेत्र म्हणजे ॲक्सेसिबिलिटी, म्हणजेच डिजिटल सुगम्यता. दिसत नसलेल्या, ऐकू न येणाऱ्या, हात नीट न चालणाऱ्या, वयस्कर किंवा जेमतेम वाचता येणाऱ्या माणसालाही वेबसाइट आणि मोबाइल ॲप कुणाच्या मदतीशिवाय वापरता यावं, अशा रीतीनं ते घडवणं आणि तपासणं, हे या क्षेत्रातलं काम.

गरज किती मोठी आहे?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे १६ टक्के लोकांना कोणतं ना कोणतं लक्षणीय अपंगत्व आहे. पण हा विषय तेवढ्यावर संपत नाही. मोतीबिंदू झालेले आजोबा, मशीनवर बोट गमावलेला कामगार, हात प्लास्टरमध्ये असलेली विद्यार्थिनी, मे महिन्याच्या भर दुपारी केळव्याच्या किनाऱ्यावर मोबाइलवरची फिकट अक्षरं वाचू पाहणारा विक्रेता, या सगळ्यांची अडचण त्याच जातीची असते. एकासाठी केलेली सुधारणा बाकीच्यांच्याही कामी येते.

आणि हे काम अजून झालेलं नाही. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुख्य पानं तपासते. २०२५ मध्ये त्यांपैकी ९४.८ टक्के पानांवर सुगम्यतेच्या चुका सापडल्या. चुकाही त्याच त्या: फिकट अक्षरं, वर्णन नसलेली चित्रं, नाव नसलेल्या फॉर्ममधल्या चौकटी, रिकाम्या लिंक आणि बटणं. दुरुस्त करायला अवघड नसलेल्या चुका इतक्या मोठ्या प्रमाणात पडून आहेत, याचा अर्थ शिकलेली माणसं कमी आहेत.

कायद्याचा आधार

'चांगुलपणाच्या कामाला पगार कोण देणार?' असं पालक विचारतात. त्याचं उत्तर कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगं असावं, हे कलम ४२ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. सरकारी वेबसाइटसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानकही याच विषयावरचं आहे.

खरा वेग आला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रातुरी खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. पुढे ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल आला. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या, अमर जैन हे दृष्टिहीन वकील. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत, म्हणजे ओळख पडताळणीत, 'डोळे मिचकावा' अशी अट असते. ज्यांना डोळे मिचकावताच येत नाहीत, त्यांनी खातं उघडायचं कसं? डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि २० निर्देश दिले. त्यानंतर ३१ जुलै २०२५ ला सेबी या नियामक संस्थेनं शेअर बाजाराशी संबंधित संस्थांना वेबसाइट आणि ॲपची सुगम्यता तपासून घेण्याचं परिपत्रक काढलं. युरोपात २८ जून २०२५ पासून असाच कायदा लागू झाला आहे, त्यामुळे तिथल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही हे टाळता येत नाही. कायदा, लेखापरीक्षण आणि दंडाची भीती जिथे येते, तिथे पगारी काम तयार होतं.

काम प्रत्यक्षात कसं असतं?

केळव्यातल्या एखाद्या घरगुती निवासाची वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. खोली बुक करायचा फॉर्म उघडा आणि माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळ दाबत जा. आपण आत्ता कुठे आहोत हे दाखवणारी चौकट पडद्यावर दिसली पाहिजे, पण डिझायनरनं 'छान दिसत नाही' म्हणून ती काढून टाकलेली असते. तारखेपाशी आलात की कॅलेंडर उघडतं. बाणाच्या कळांनी तारीख निवडता येत नाही आणि एस्केप दाबून बाहेरही पडता येत नाही. ज्याचा हात माउसवर स्थिर राहत नाही, त्याचं बुकिंग इथेच संपलं.

आता एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर सुरू करा. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि ते आजही मोफत मिळतं. शीतलादेवी मंदिराचा सुंदर फोटो आला की ते फाइलचा नंबर वाचतं, कारण फोटोला वर्णन दिलेलंच नाही. 'नाव' आणि 'मोबाइल' हे शब्द चौकटीच्या आत फिकट रंगात आहेत, टाइप करायला लागलं की ते गायब होतात. चूक झाली तर चौकटीची कड फक्त लाल होते. ज्याला लाल रंग ओळखू येत नाही, त्याला काय चुकलं ते कळत नाही.

दुरुस्तीचे नियम ठरलेले आहेत. डब्ल्यूसीएजी हे जगभर मानलं जाणारं प्रमाण आहे. पहिली आवृत्ती १९९९ ची, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ हवा. काही अपवाद सोडले तर बोटानं दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी. अक्षरं दुप्पट मोठी केली तरी मजकूर कापला जाऊ नये.

पण सगळंच मोजून होत नाही. खोलीच्या फोटोखाली 'खोली' एवढंच लिहिलं तर यंत्र 'वर्णन आहे' म्हणून पास करेल. 'तळमजल्यावरची खोली, दाराशी दोन पायऱ्या' असं लिहिलं, तर ते ऐकणाऱ्या दृष्टिहीन गृहस्थांना कळतं, की व्हीलचेअरवरच्या आपल्या आईला तिथे मदत लागणार. कोणती गोष्ट सांगण्याजोगी आहे हे वापरणाऱ्याची गरज ओळखणारं माणूसच ठरवतं. एआयच्या भीतीला उत्तर इथे आहे. वेव्ह, ॲक्स, लाइटहाउस ही तपासणीची साधनं मोफत आहेत आणि ती वापरावीच, पण सर्व चुका त्यांना सापडत नाहीत.

मराठी येणं हे भांडवल

इंग्रजी वेबसाइट तपासणारे बरेच आहेत. मराठी वेबसाइटच्या खास अडचणी मात्र मराठी माणसालाच दिसतील. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत वेगळीच अक्षरं साठवलेली असतात, म्हणून स्क्रीन रीडर अर्थहीन काहीतरी वाचतो. कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ तर त्याच्यासाठी कोरी असते. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली नसेल, तर चुकीचा आवाज देवनागरी वाचायला जातो. इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलेल्या ओळींत आपले रफार आणि उकार एकमेकांत घुसतात.

भाषाही सोपी लागते. 'सदर अर्जदाराने विहित नमुन्यातील दस्तऐवज सादर करणे अनिवार्य आहे' याऐवजी 'अर्जासोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडा' असं लिहिलं, तर वाड्यापाड्यावरच्या पहिल्या पिढीच्या साक्षर माणसालाही अर्ज भरता येतो. सातबारा, दाखले, शिष्यवृत्ती हे सगळं आता ऑनलाइन आहे, म्हणून असं लिहिता येणाऱ्याची गरज प्रत्येक सरकारी खात्याला आहे. भाषा चांगली असलेल्या, पण गणिताला घाबरणाऱ्या कला शाखेच्या मुलांनाही इथे दार उघडं आहे.

कोणकोणती कामं, कोणतं शिक्षण?

कोडिंगची आवड असेल तर फ्रंट-एंड डेव्हलपर व्हा. चित्र आणि मांडणीची असेल तर यूएक्स डिझायनर. बारीक लक्ष असेल तर ॲक्सेसिबिलिटी टेस्टर आणि अनुभवानंतर ऑडिटर. याशिवाय व्हिडिओला कॅप्शन देणं, पीडीएफ आणि ई-पुस्तकं सुगम करणं, सोप्या भाषेतला मजकूर लिहिणं आणि प्रशिक्षण देणं हीही कामं आहेत.

यासाठी वेगळ्या पदवीच्या मागे धावू नका. दहावीनंतर कॉम्प्युटरचा डिप्लोमा, बारावीनंतर बीएस्सी आयटी, कॉम्प्युटर सायन्स, बीसीए किंवा इंजिनीअरिंग, यांपैकी परवडेल आणि झेपेल ते घ्या. पालघरमध्ये सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आणि सेंट जॉन इंजिनीअरिंग कॉलेज आहे. हवा तो विषय चालू आहे का, ते प्रवेशाआधी जाऊन विचारा. डिझाइनकडे ओढा असेल तर बारावीच्या कोणत्याही शाखेतून यूसीड ही प्रवेश परीक्षा देता येते. आयआयटी मुंबईतलं आयडीसी हे १९६९ पासूनचं डिझाइन स्कूल आहे आणि बी. डेस. या डिझाइनच्या पदवीची वाट तिथेही जाते.

पदवीसोबत सुगम्यता स्वतः शिका. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन मोफत शिकता येतो. पुढे आयएएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रमाणपत्रं आहेत. सीपीएसीसी या परीक्षेला कोडिंग लागत नाही, डब्ल्यूएएस ही तांत्रिक आहे. सेबीच्या परिपत्रकात तपासनीस म्हणून आयएएपीची प्रमाणपत्रधारक माणसंच सांगितली आहेत, यावरून त्यांचं वजन कळेल. पण परीक्षेची फी भरण्याआधी काम शिका. 'शंभर टक्के नोकरी'ची हमी देऊन मोठी रक्कम मागणाऱ्या क्लासपासून दूर राहा.

घरबसल्या करता येणारी सुरुवात

पहिल्या महिन्यात एचटीएमएल, म्हणजे वेबपान घडवण्याची भाषा, नीट शिका. शीर्षक, यादी, बटण, लेबल हे घटक त्यांच्या योग्य जागी वापरता आले, तर बऱ्याच चुका होतच नाहीत. दुसऱ्या महिन्यात कीबोर्ड आणि एनव्हीडीएवर रोज थोडा वेळ वेबसाइट वापरा, अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करून पाहा. तिसऱ्या महिन्यात ओळखीच्या एखाद्या खानावळीची किंवा शाळेची वेबसाइट त्यांच्या परवानगीनं तपासा. सापडलेली चूक, ती कुणाला अडवते आणि दुरुस्ती काय, असा तीन रकान्यांचा अहवाल लिहा. चौथ्या महिन्यात ती दुरुस्त करून आधीचं आणि नंतरचं दाखवा. असे दोन-तीन अहवाल मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतात.

मात्र एक गोष्ट विसरू नका. डोळे मिटून स्क्रीन रीडर वापरला म्हणजे अंधत्व समजलं असं होत नाही. जो माणूस तो रोज वापरतो, त्याच्याशेजारी बसून शिका आणि त्याच्या वेळेचा मोबदला द्या. मुंबईतल्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आहे. वांद्र्याला अली यावर जंग संस्था श्रवण आणि वाचा यांवर काम करते. विरार-डहाणू लोकल २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून ही ठिकाणं आपल्या आवाक्यात आहेत.

घरात दिव्यांग मूल असेल तर

अशा घरातल्या पालकांनी हे जास्त लक्षपूर्वक वाचावं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी गेली. जॉज या स्क्रीन रीडरच्या आधारानं अभ्यास करून त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या २०१७ मधल्या निकालात १२४ व्या आल्या आणि आयएएस झाल्या. सॉफ्टवेअर आणि सुगम मजकूर मिळाला, तर काय होऊ शकतं, हे त्यांनी दाखवलं. सुगम्यता तपासणीत स्क्रीन रीडर सराईतपणे वापरणाऱ्याला मान आहे, कारण इतरांना जे शिकावं लागतं ते त्याच्या रोजच्या वापरातलं असतं. तुमच्या मुलाला मोबाइलवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए शाळेतच शिकवा, नोकरीच्या वयापर्यंत थांबू नका.

पालकांसाठी शेवटचं

सुरुवातीचा पगार इतर टेस्टर किंवा डेव्हलपरइतकाच धरून चाला. फरक पुढे पडतो, अनुभव आणि प्रमाणपत्र जोडलं गेल्यावर. घरून करता येण्याजोगं काम बरंच आहे, तरी पहिली एक-दोन वर्षं मुलानं अनुभवी लोकांसोबत ऑफिसात बसून शिकलेलं बरं. नुसतं 'अमुक शिकलो' म्हणणाऱ्यापेक्षा 'हे मी दुरुस्त केलं आणि आता हे अमक्याला वापरता येतं' म्हणणारा मुलगा किंवा मुलगी कंपनीला हवी असते. तुमच्या मुलाला बारकावा दिसत असेल आणि दुसऱ्याच्या अडचणीचा विचार करायची सवय असेल, तर त्याला या कामाला जरूर लावा. या जिल्ह्यातल्या घरा-दुकानांच्या आणि शाळांच्या वेबसाइटपासूनच त्याचा सराव सुरू होऊ शकतो आणि त्यासाठी आज लागतो तो एक साधा कॉम्प्युटर, इंटरनेट आणि चार महिन्यांची चिकाटी.