कार्ड बदलण्याआधी

अगं, आता तू साध्या स्प्लिट एसीवरून व्हीआरएफवर आलीस. एका आउटडोअरवर आठ-दहा इनडोअर, प्रत्येकाचा वेगळा रिमोट. बंद पडलं की मॅनेजर, वॉचमन, इलेक्ट्रिशियन सगळे तुझ्याभोवती जमणार आणि पहिल्या पाच मिनिटांत उत्तर मागणार. त्या वेळी तोंडावर येणारं सगळ्यात सोपं वाक्य म्हणजे "कार्ड गेलंय." ते वाक्य तू शेवटी बोलावंस, एवढंच मला आज तुला सांगायचंय. कार्ड महाग असतं आणि दोष वायरिंगमध्ये असेल तर नवं कार्डही त्याच वाटेनं जातं.

झाकण उघडण्याआधी माणसांशी बोल. काय बदललं? रंगकाम झालं का, फॉल्स सीलिंग उघडलं का, कुणी रिमोट बदलला का? थंडीच्या दिवसांत निफाड-नाशिककडे गेलीस तर एक तक्रार हमखास ऐकशील: "या खोलीत हीटिंग होतच नाही, कंट्रोलर खराब आहे." साध्या हीट पंप प्रकारात सगळ्या इनडोअरना एका वेळी एकच मोड मिळतो. एका खोलीनं कूलिंग धरून ठेवलं असेल, तर दुसरीची हीटिंगची मागणी नुसती ताटकळते. शिवाय हीटिंगमध्ये कॉइल तापेपर्यंत इनडोअरचा पंखा थांबतो, आणि आउटडोअरवरचा बर्फ वितळवताना गरम हवा काही वेळ बंद होते. हा बिघाड नाही. घरच्यांना बसून नीट समजावून सांग. ते समजावणं तुझ्या कामातच येतं.

खरंच एरर असेल तर कोड वाच, पण कोडला आरोपी समजू नकोस. तो फक्त कुठल्या बाजूला शोधायचं ते सांगतो. डाइकिनवर यू४ आला तर इनडोअर-आउटडोअरमधलं बोलणं तुटलंय, म्हणजे एफ१-एफ२ची लाइन बघ. यू५ आला तर इनडोअर आणि रिमोटमधलं, म्हणजे पी१-पी२ची.

मग मोज, किती इनडोअर गप्प आहेत. एकच असेल तर तिथला एमसीबी आधी बघ. खोली रिकामी म्हणून कुणीतरी तो पाडलेला असतो. व्हीआरएफमध्ये इनडोअरचा सप्लाय असा तोडायचा नसतो. त्याचं बोलणं थांबतं, आणि त्याचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह होता त्याच स्थितीत अडकून राहतो. ठरावीक इनडोअरपासून पुढचे सगळे गप्प असतील, तर तार शेवटच्या बोलणाऱ्या आणि पहिल्या गप्प इनडोअरच्या मधे तुटली आहे. सगळेच गप्प असतील, तर लाइन कुठेतरी शॉर्ट आहे किंवा दोष आउटडोअरच्या टोकाला आहे. तेव्हा मधल्या इनडोअरवर लाइन सोडव. अलीकडचे बोलू लागले तर दोष पलीकडे. अशी दर वेळी निम्मी लाइन बाजूला पडते आणि शिडी उगाच फिरवावी लागत नाही.

हात घालण्याआधी मेन बंद कर आणि त्यावर तुझं कुलूप लाव. ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज आउटडोअरमध्ये इन्व्हर्टरच्या कपॅसिटरवर साधारण ५९० व्होल्ट डीसी असतो आणि मेन पाडल्यावरही तो काही वेळ टिकतो. झाकणावर लिहिलेली वेळ थांब, मग मीटर लावून आकडा उतरलाय याची खात्री कर. कुणी कितीही घाई केली तरी यात सूट नाही, बाळा.

आता केबल. दोन्ही टोकं मोकळी कर, लांबच्या टोकाला दोन तारा जोड आणि रेझिस्टन्स मोज. १.२५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल १०० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन तीन ओहमच्या आसपास यायला हवं. पन्नास दाखवलं तर मधे सैल जॉइंट आहे. टोक मोकळं ठेवलं की काहीच दिसायला नको, दिसलं तर शॉर्ट. या मापाच्या वेळी कार्ड जोडलेलं नको, आणि मेगर तर कार्ड जोडलेल्या लाइनवर चुकूनही लावायचा नाही. स्क्रू तांब्यावर बसलाय की इन्सुलेशनवर, हे डोळ्यांनी बघ. शील्डची अर्थिंग कंपनीनं सांगितलीय तशीच हवी. एरर लिफ्ट चालली की येत असेल, तर ही केबल पॉवर केबलबरोबर एकाच पाइपातून नेलीय का ते तपास.

मल्टी-स्प्लिटमध्ये आणखी एक फसवा दोष असतो. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात मुलांची खोली थंड होईना आणि शेजारच्या बंद असलेल्या इनडोअरवर बर्फ जमे. तिथे आधी कुणी दोन कार्डं बदलून गेलं होतं. पाइप बरोबर होते, आउटडोअरवर ए आणि बी खोल्यांच्या वायर उलट लागल्या होत्या. मुलांच्या खोलीतून मागणी गेली की व्हॉल्व्ह शेजारचा उघडायचा. तिथला पंखा बंद, म्हणून कॉइल गोठायची. ओळखायची रीत सोपी आहे. एकच खोली चालू कर आणि आउटडोअरवर कुठला पाइप गार होतो ते हातानं बघ.

सेन्सरचा कोड असेल तर सेन्सर काढून ओहम मोज. तळहातात धरला की आकडा उतरायला हवा, बर्फाच्या पाण्यात बुडवला की चढायला. नेमका आकडा त्या मॉडेलच्या तक्त्याशी जुळव, कारण प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

हे सगळं चोख निघालं, कार्डाला सप्लाय बरोबर मिळतोय, तरी ते बोलत नाही, तर मग बेधडक सांग की कार्ड गेलंय. नवं बसवताना जुन्याची डिप स्विचची मांडणी आणि ॲड्रेस आधी फोटोत घे. दोन इनडोअरना एकच ॲड्रेस पडला तर नवाच गोंधळ सुरू होतो.

आजूबाजूचे जुने मिस्त्री म्हणतील, एवढं मोजत काय बसलीस. त्यांचा मान ठेव, त्यांनी वर्षानुवर्षं कानानं आणि हातानं शिकलेलं ऐकून घे, पण मोजायचं सोडू नकोस. काम संपलं की कुठल्या खोलीचा कुठला ॲड्रेस आणि केबल कुठून कुठे गेली, याचा नकाशा आउटडोअरच्या झाकणाच्या आत चिकटव. तुझ्यामागून तिथे येणारी मुलगीही तुझ्यासारखीच नवी असेल.