पंपाचे ऊन आणि शेडचा दिवा

छत्तीसगढ राज्याच्या स्थापनादिनी, १ नोव्हेंबर २०१६ रोजी, नया रायपुर (आजचे नवा रायपुर अटल नगर) येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘सौर सुजला’ योजनेचा प्रारंभ झाला. शेतकऱ्यांना ३ व ५ अश्वशक्तीचे सौर पंप मोठ्या अनुदानावर देण्याची ही योजना होती. तिची अंमलबजावणी राज्याच्या अक्षय ऊर्जा विकास अभिकरणाकडे, म्हणजेच ‘क्रेडा’कडे, सोपविण्यात आली.

५ अश्वशक्तीच्या सौर पंपाला साधारणतः ४,८०० वॅट क्षमतेची पॅनेल लागतात. मात्र केवळ पंपापुरता संच असेल, तर याच पॅनेलशेजारची बागेतील शेड सूर्यास्तानंतर अंधारातच राहते. कारण अशा संचात बॅटरी नसते. ऊन असेल तेव्हा पंप चालतो आणि उपसलेले पाणी टाकीत किंवा शेततळ्यात साठविता येते. येथे साठवण विजेची नसून पाण्याची असते. दिव्याची गरज नेमकी ऊन मावळल्यावर भासते. रात्री राखणीला थांबणाऱ्यासाठी तो चैनीचा विषय नाही. अवजारांच्या आडोशाला साप असेल तर तो दिसला पाहिजे.

शेडची गरज मात्र अगदी लहान असते. ९ वॅटचे दोन एलईडी दिवे ५ तास चालल्यास ९० वॅट-तास, २८ वॅटचा पंखा ५ तास चालल्यास १४० वॅट-तास आणि मोबाईलसाठी सुमारे २० वॅट-तास, अशी एकूण २५० वॅट-तास वीज रोज खर्च होईल. तारा, नियंत्रक व बॅटरीतील सुमारे ३० टक्के घट धरता पॅनेलने ३६० वॅट-तास निर्माण केले पाहिजेत. दिवसाला साडेचार तास पूर्ण क्षमतेइतके ऊन गृहीत धरल्यास ८० वॅटचे पॅनेल पुरते. ढगाळ दिवसांचा विचार करता १०० वॅटचे घेणे श्रेयस्कर. रायपुर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनेल दक्षिणाभिमुख व साधारण तितक्याच अंशांनी कललेले असावे.

बॅटरीचा हिशेब वेगळा आहे. ऊन नसताना दोन दिवस निभावण्यासाठी ५०० वॅट-तास हवेत. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून १,००० वॅट-तासांची, अर्थात १२ व्होल्टची सुमारे ८५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी लागते. बाजारात त्यापुढची १०० अँपिअर-तासांची सहज मिळते.

पॅनेल सुमारे २५ वर्षे टिकते, तर अशी बॅटरी बहुधा चार-पाच वर्षांत बदलावी लागते. अनुदान उभारणीच्या वेळी एकदाच मिळते. बॅटरीचा खर्च पुन्हा पुन्हा येतो. ग्रामीण सौर दिवे बंद पडण्यामागे पॅनेलपेक्षा हा न धरलेला खर्च अधिक कारणीभूत असतो.

दुसरीकडे, पावसाळ्यात व पिकांच्या दोन हंगामांमध्ये पंपाची मोठी पॅनेल निष्क्रिय पडून राहतात. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-कुसुम’ योजनेत यासाठी सार्वत्रिक सौर पंप नियंत्रकाची तरतूद करण्यात आली. त्याद्वारे तीच पॅनेल कडबाकुट्टी, पिठाची गिरणी किंवा शीतपेटी चालवू शकतात. शेडमध्ये बसविलेले यंत्र दिवसा या पॅनेलवर आणि दिवा रात्री लहान बॅटरीवर, अशी विभागणी केल्यास मोठ्या बॅटरीची गरज उरत नाही.